राणीच्या पुतळ्यावरचं डांबर

चाफेकर बंधूंचा धडा आपण सगळ्यांनीच घोकला होता. पुण्यातली प्लेगची साथ, रँडचा जाच, २२ जून १८९७, गणेशखिंड. त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट मात्र परीक्षेला कधी आली नाही.

मुंबईत फोर्टमध्ये व्हिक्टोरिया राणीचा भव्य संगमरवरी पुतळा होता. शिल्पकार मॅथ्यू नोबल, देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची, उभारणी १८७२ ची. १८९६ मध्ये एका रात्री कोणीतरी राणीच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. सरकारची पार अब्रू गेली. डांबर काही केल्या निघेना. संगमरवर गुळगुळीत दिसला तरी त्याला बारीक छिद्रं असतात, डांबर आत मुरतं. आणि आम्ल लावावं तर दगडच झिजतो. शेवटी ते डाग काढले प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी. बडोद्याच्या कलाभवनाचे ते पहिले प्रमुख, नंतर मुंबईत रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पुढे अलेंबिक कंपनीच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. या कामाने त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं.

म्हणजे पुतळा दिला एका भारतीयाने, काळा केला दुसऱ्याने, स्वच्छ केला तिसऱ्याने. मला ही गोष्ट विलक्षण वाटते ती यासाठी. ‘इंग्रज विरुद्ध आपण’ अशी सरळ रेघ इथे मारताच येत नाही. गज्जरांना देशद्रोही म्हणणं तर निव्वळ मूर्खपणा होईल. देशी रसायन उद्योगाचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक.

डांबर गेलं, तसा त्या रात्रीचा दगडावरचा पुरावाही गेला. मग हे कोणी केलं ते आपल्याला कळलं कसं? येरवड्याच्या तुरुंगात दामोदर हरी चाफेकरांनी आत्मवृत्त लिहिलं, त्यात हे आपण केल्याचं सांगितलं. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. त्या लिखाणाचं इंग्रजी भाषांतर राहिलं पोलिसांच्या दप्तरात. ज्या सरकारला त्यातला शब्दन् शब्द झोंबला असेल, त्याच सरकारच्या कारकुनांनी ते नीट फाइल करून ठेवलं! स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथात ते छापलं.

आणि छापलं ते त्यातल्या आपल्याला न रुचणाऱ्या भागासकट. त्यात सुधारकांविषयी इतका द्वेष आहे की वाचताना अंगावर काटा येतो. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतला हुतात्मा आणि हा लेखक एकच, हे पचायला जड जातं. पण तो भाग गाळून छापला असता, तर डांबराच्या कबुलीवर तरी आपण का विश्वास ठेवला असता? माझ्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, महत्त्वाची जुनी नोंद सहसा खोडत नाहीत. ‘आता वापरात नाही’ अशी खूण करतात आणि कोणी, केव्हा बदललं ते शेजारी लिहितात. दप्तरखान्यांनी हे आमच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

पुतळ्यांचं मात्र तसं होत नाही, कारण पुतळा चौकात असतो. तो नोंद नसतो, मान असतो. म्हणून १९६५ मध्ये मुंबईतले साहेबांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले, ते योग्यच झालं. काळा घोडाही तेव्हाच हलला. राणीचा पुतळा भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात आला. गंमत म्हणजे त्या संग्रहालयाचं नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं, डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव मिळालं १९७५ मध्ये.

अशाच प्रसंगी ब्रिस्टलने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. गुलामांच्या व्यापारातल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा अधिकारी एडवर्ड कोल्स्टन, त्याचा पुतळा तिथे १८९५ मध्ये बसवला. पाटीवर त्याच्या सद्गुणांची आणि शहाणपणाची स्तुती, गुलामांबद्दल अवाक्षर नाही. २०१८-१९ मध्ये खरं सांगणारी दुसरी पाटी लावायची ठरली. मजकुरावरून वाद झाला आणि ती कधी लागलीच नाही. ७ जून २०२० रोजी लोकांनी पुतळा ओढून पाडला आणि बंदरात फेकला. चार दिवसांनी तो बाहेर काढला. संग्रहालयाच्या माणसांनी चिखल धुतला, पण अंगावरचा लाल-निळा रंग मुद्दाम टिकवला. २०२१ मध्ये पुतळा प्रदर्शनात मांडला तो आडवा, पडलेल्या अवस्थेत, शेजारी निदर्शकांचे फलक. गज्जरांना जे काढायला लावलं, तेच इथे जपलं.

पाटीचं ते लांबलेलं भांडण मला रंगापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. पाटी वेळेवर लागली असती तर पुतळा वाचला असता असा माझा दावा नाही. पण वस्तू ठेवायची आणि तिच्याबद्दल गप्प बसायचं, याला जतन म्हणवत नाही. राणीच्या पुतळ्याची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं, तर मी खंडेराव, दामोदर आणि गज्जर ही तिन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत लिहीन, आणि आत्मवृत्त कुठे वाचायला मिळेल तेही खाली देईन.

मुंबईकर बॅचवाल्यांनो, राणीच्या बागेत मुलांना पेंग्विन दाखवायला जाताच. शेजारच्या संग्रहालयाच्या आवारातही एक फेरी मारा. बुधवारी मात्र बंद असतं.