जुना विंडोज ७, नवा लॅपटॉप: फाइली कशा न्यायच्या?

अब्बांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७, मुलीच्या लॅपटॉपवर विंडोज ११. आणि निकाहाचे फोटो, शाळेच्या दाखल्यांचे स्कॅन सगळे जुन्यात अडकलेले. अशा वेळी लोक आधी ‘होमग्रुप’ शोधतात. नव्यात तो सापडणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० मधूनच तो काढून टाकला.

फोल्डर मात्र अजूनही शेअर करता येतो. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर हवेत. लॅपटॉपवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आणि जुन्यावर ‘होम’ ठेवा. जुन्यात फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग शेअरिंगमध्ये जा आणि तिथल्या खात्याला परवानगी द्या. त्या खात्याला पासवर्ड हवाच; बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आता लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच जुन्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करा. नाव-पासवर्ड विचारला की जुन्या कॉम्प्युटरचा द्यायचा, लॅपटॉपचा पिन नव्हे.

घरात एक्सपी असेल तर गोष्ट वेगळी. त्याला फक्त एसएमबी १ कळतं, आणि नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं. ते चालू करा असं आम्ही सांगणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच दारातून जगभर पसरला. त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. फक्त तो फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा लग्नाचा व्हिडिओ त्यात बसत नाही. आधी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे त्यातलं जुनं सगळं पुसलं जाईल हे धरूनच.