कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी पैसे भरून स्वतःला एका किल्ल्यात कोंडून घेतले. किल्ला मनामातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. थर्माकोलचे दगड, कोपऱ्यात हिरव्या डोळ्यांचा ड्रॅगन, मशालींच्या जागी लुकलुकणारे दिवे आणि दारावर ६० मिनिटांचे घड्याळ. दुष्ट जादूगाराने आपल्याला डांबले आहे, कोडी सोडवून बाहेर पडायचे, असा हा 'एस्केप रूम' नावाचा खेळ. क्योतो येथे तकाओ कातो यांनी २००७ साली तो सुरू केला आणि बघता बघता तो जगभर पसरला. त्यातले जादूगार आणि ड्रॅगन मात्र त्याहून जुने. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून ही मंडळी मुलांच्या खेळात ठाण मांडून आहेत.

बेत थोरल्याचा होता. बारावी झाली की ऑगस्टमध्ये तो शिकायला दुसऱ्या देशात जाणार, त्याआधी चौघांनी मिळून काहीतरी करावे ही त्याची इच्छा.

आम्ही हरलो. शेवटच्या दाराला चार आकड्यांचे कुलूप होते आणि समोर चार ढाली: सिंह, गरुड, ड्रॅगन, मुकुट. धाकटी मघापासून सांगत होती, "बाबा, आत येताना जिन्यात हीच चित्रं होती, त्यांच्याखाली आकडे होते." पण मी पडलो इंजिनिअर. मी ढालींवरचे खिळे मोजत बसलो. वेळ संपली. खेळ चालवणारी बहरिनी मुलगी आत आली आणि हसून तिने जिन्याकडे बोट दाखवले. घरी येईपर्यंत धाकटी गाडीत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. समजूत काढण्यासाठी म्हणून मी सगळ्यांना करबाबादजवळच्या खऱ्या किल्ल्यावर नेले. आपल्यापैकी बरेच जण तिथे संध्याकाळी फिरायला जातात, मीही जातो. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ज्या टेकाडावर तो उभा आहे ते टेकाडच मुळी माणसांनी रचलेले आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २३०० पासून वस्तीवर वस्ती होत गेली आणि हा उंचवटा तयार झाला. १९५० च्या दशकात डॅनिश संशोधकांनी इथे उत्खनन सुरू केले आणि खाली दिलमुनचे नगर सापडले. इथले लोक या किल्ल्याला पोर्तुगिजांचा किल्लाही म्हणतात.

खंदकाच्या काठावर उभे राहून मी मुलांना शब्दांची गंमत सांगितली. किल्ला हा आपला शब्द इथल्याच 'कलआ'वरून आलेला. बुरूज अरबी, खंदक अरबी. कुलूपसुद्धा अरबी, 'कुफ्ल'वरून. आणि चावी? ती पोर्तुगीज. (आमची आजी मात्र मरेपर्यंत किल्लीच म्हणत असे.) म्हणजे मराठी माणूस घराला कुलूप लावतो अरबांचे आणि उघडतो पोर्तुगिजांच्या चावीने. हे दोघे जिथे समोरासमोर भिडले ती ही जागा.

धाकटी अजून रुसलेलीच होती. तिने विचारले, "इथं ढाली कुठं आहेत?"

ढाल आहे, पण ती इथे नाही. १५२१ च्या जुलैमध्ये अंतोनियो कोरेया होर्मुझच्या फौजेला बरोबर घेऊन बहरीनवर चालून आला. जब्री घराण्याचा राजा मुक्रिन लढाईत जखमी झाला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्याचे शिर कापून नेण्यात आले. पुढे कोरेयाने पोर्तुगालच्या राजाच्या संमतीने आपल्या घराण्याच्या ढालीवर ते रक्ताळलेले शिर चितारून घेतले. हे धाकटीला सांगावे की नाही, असा प्रश्न मला पडला. सांगितले. ती बराच वेळ बुरुजाकडे बघत राहिली. खेळातल्या सिंह-गरुडांचे मूळ अशा ढालींतही आहे, हे मला तरी तोवर कधी सुचले नव्हते.

खेळातला किल्ला उंच, गोल मनोऱ्यांचा होता. ड्रॅगनला मी हरकत घेत नाही, पण तोफा आल्यावर उंच मनोरे कुचकामी ठरले. म्हणून इथले पोर्तुगीज बुरूज, जे १५६१ च्या सुमारास बांधले गेले, बसके, जाड आणि बाणाच्या टोकासारखे आहेत. तशा आकारामुळे एका बुरुजावरच्या तोफा शेजारच्या तटाचा पायथा झाकू शकतात. मला हे बुरूज पहिल्यांदा दिसले तेव्हा पोटात कालवले होते, कारण मी वसईचा. आमचे घर पापडीला, आणि असल्याच टोकदार बुरुजांच्या सावलीत मी लहानपणी क्रिकेट खेळलो आहे.

हे साम्य योगायोगाचे नाही. १५२९ साली इथल्या कारभाऱ्याने होर्मुझविरुद्ध बंड केले. तेव्हा गव्हर्नर नुनो द कुन्हा याने आपला भाऊ सिमांव याला आरमार देऊन पाठवले. सिमांवने किल्ल्यावर तोफा डागल्या, पण थोड्याच दिवसांत दारू संपली. होर्मुझहून नवी दारू येईपर्यंत थांबावे लागले, आणि तेवढ्यात तळावर तापाची साथ पसरली. माणसे पटापट मेली, सिमांवही गेला, आणि उरलेले हात हलवत परत फिरले. किल्ला तसाच उभा राहिला.

भाऊ गमावलेल्या याच नुनो द कुन्हाने पाच वर्षांनी, १५३४ च्या डिसेंबरमध्ये, गुजरातच्या बहादुरशहाकडून तहात वसई मिळवली. पाठीशी हुमायून होता, म्हणून बहादुरशहाने ती सोडली. बहरीन पोर्तुगिजांच्या हातून १६०२ मध्ये गेले आणि इराणच्या शाह अब्बासकडे आले. वसई मात्र १७३९ च्या मे महिन्यापर्यंत टिकली. चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावून बुरूज फोडला, हजारो माणसे कामी आली, आणि शरण आलेल्या शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले गेले. कापलेल्या शिराची गोष्ट नुकतीच सांगून झाली होती, म्हणून हे शेवटचे वाक्य मी जरा मोठ्याने म्हटले.

"मग आपण आतले की बाहेरचे?" धाकटीने विचारले.

मी पटकन 'बाहेरचे' म्हणणार होतो. मग आमच्या पापडीच्या शेजारणीची आठवण झाली. ख्रिस्ती बाई, दर नाताळात आमच्याकडे ताट यायचे. त्यांचे पूर्वज कदाचित आत असतील, आमचे कदाचित बाहेर. कदाचित दोघांचेही शेतातच असतील आणि दोन्ही फौजांनी त्यांचे भात कापून नेले असेल. मी तिला तसेच सांगितले. ते तिला पटलेले दिसले नाही.

थोरला इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बाबा, वसईच्या किल्ल्याला दरवाजा कुठल्या बाजूला आहे?"

"दोन आहेत. एक जमिनीकडे, एक समुद्राकडे."

"आम्ही कधी पाहिलाच नाही."

खरे होते. १७ वर्षे दर सुट्टीत लग्ने, दाताचा डॉक्टर, बँकेची कामे आणि तुळशीबाग. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा किल्ला मुलांना दाखवायचा राहून गेला होता. यंदा जुलैची तिकिटे काढली आहेत. दोन दिवस वसईसाठी राखून ठेवले आहेत. धाकटीची एकच अट आहे: पुढे ती चालणार, आणि ती काही सांगेल तेव्हा बाबांनी खिळे मोजायचे नाहीत.