सुबाजी बापूंचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’

आपल्या संग्राहकांचें लक्ष सहसा बखरी, महजर, सनदा व मोडी दप्तरें ह्यांकडे असतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील छापील मराठी चोपड्यांस फारसा कोणी हात लावीत नाहीं. इ. स. १८३६ सालीं निघालेला सुबाजी बापूंचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ मात्र अशा उपेक्षेस पात्र नव्हे. पुराणें, सिद्धांत व कोपर्निकस ह्यांच्या तीन विश्वरचना त्यांत शेजारी मांडून तोलल्या आहेत, आणि तेंही मराठींत.

सुबाजी बापू हे सिहोरचे पंडित. भोपाळचा इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन तेथें राहत असे व तेथील पाठशाळेकडे जातीनें लक्ष देई. युरोपीय ज्योतिष एकदम पुढें ठेवण्यापेक्षां भास्कराचार्यांपासून आरंभ करावा, म्हणजे लोकांस तें आपलें वाटेल, हें मत त्यानें १८३४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत मांडलें. पुराणांवरील श्रद्धा ढिली व्हावी हाही त्याचा हेतु होता, हें झांकण्याचें कारण नाहीं. पण म्हणून सुबाजी त्याच्या हातांतील बाहुलें ठरत नाहींत. जातिभेदावर प्रहार करणारी अश्वघोषाच्या नांवावरील ‘वज्रसूची’ विल्किन्सननें १८३९ सालीं छापली, तेव्हां ह्याच सुबाजींनीं तिचें खंडन लिहून त्याच पुस्तकास जोडविलें!

विल्किन्सनची पद्धत कां साधावी, हें भास्कराचार्यांचा भुवनकोश पाहिल्यावर ध्यानांत येतें. पृथ्वीस शेष, कूर्म इत्यादि आधार मानला तर त्या आधारास दुसरा, दुसऱ्यास तिसरा, असा अनवस्थाप्रसंग येतो. शेवटच्यास स्वशक्तीनें राहतां येत असेल, तर पहिल्या पृथ्वीसच तें कां येऊं नये? पृथ्वी गोल असून सपाट कां दिसते? तर परिघाचा शतांश सपाटच दिसतो, आणि मनुष्य तर त्याहून अत्यंत लहान. पुढें परिघ मोजण्याची रीत आहे: अवंती ही निरक्षदेशापासून परिघाच्या सोळाव्या भागावर, सबब तें अंतर सोळांनीं गुणिलें कीं परिघ आला. ज्यास लीलावतीचे हिशेब येतात, त्यास हें समजण्यास इंग्रजी शाळेची गरज नाहीं. शके १०७२ मधला हा ग्रंथ असल्यामुळें तो परक्यांचा म्हणून झिडकारतांही येत नाहीं.

खरी अडचण तिसऱ्या पायरीवर येते. भास्कराचार्यांची पृथ्वी गोल व निराधार, पण अचल आहे, कोपर्निकसची फिरते. आर्यभटानें नावेंतील मनुष्याचा दृष्टांत देऊन पृथ्वीचें अक्षभ्रमण पूर्वींच सुचविलें होतें खरें, तथापि पुढील सिद्धांतकारांनीं तें मानिलें नाहीं. म्हणजे ज्या आचार्याच्या प्रामाण्यावर वाचकास येथवर आणलें, तोच आतां चुकला असें सांगणें प्राप्त होतें. ह्या पद्धतीचें नाजूक स्थळ हेंच, असें आम्हांस वाटतें. आप्तवाक्य पुलासारखें असतें; त्यावरून जावें, त्यावर घर बांधूं नये, हें शिष्यास आरंभींच सांगितलें नाहीं तर तो तेथेंच बिऱ्हाड करितो.

पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वर सदाशिव रोडे ह्यांनीं १८३७ सालीं ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणें व ज्योतिष ह्यांत विरोधच नाहीं, असें प्रतिपादिलें. तो ग्रंथ संस्कृतांत. सुबाजींनीं त्याच वर्षीं ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून उत्तर दिलें, तेंही संस्कृतांत. शास्त्रार्थाचा दर्जा ह्यानें वाढला असेल. परंतु मराठी ग्रंथ वाचून ज्याच्या मनांत शंका उठली, त्या कारकुनास किंवा सावकारास पुढील वाद बंदच झाला. आक्षेप कोणते व त्यांस उत्तर काय, हें जाणण्याची सर्वांत अधिक गरज त्यालाच होती.

विल्किन्सन १८४१ सालीं वारला. त्याच्या पाठशाळेंत शिकलेले बापूदेव शास्त्री पुढें काशीस अध्यापक झाले, व त्याचें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं शोधून १८६१ सालीं प्रसिद्ध झालें. सुबाजींच्या मराठी ग्रंथाच्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं समासांतील टिपा व मालकांचीं नांवें उतरून घेऊन मंडळाकडे धाडावीं. तो कोणाच्या हातीं पडला, हें त्यांवरूनच कळेल.