खिडकीला फुटलेला घाम

थंडीत घाम फुटतो तो फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये, अशी चौतीस वर्षं शाळेत काढल्यावर माझी पक्की समजूत झाली होती. ती मोडली 2022 च्या डिसेंबरात, इंग्लंडमध्ये, लेकीच्या घरी.

लेक राहते एसेक्स परगण्यात, चेम्सफर्डच्या जवळ. घर 1930 च्या सुमाराचं. खिडक्या लोखंडी, चौकटी जेमतेम दोन बोटं रुंद, आणि त्यात एकेरी काचेची तावदानं. दिसायला फार देखण्या. पण सकाळी उठून पडदा सरकवावा तर काचेवरून ओघळ चाललेले, चौकटीवर थेंब लोंबताहेत आणि खालच्या फळीवर चक्क तळं साचलेलं! लेक रोज चहाच्या आधी जुना टॉवेल घेऊन खोलीखोलीतून फिरायची आणि मोरीत पिळून टाकायची. नातीच्या खोलीत खिडकीशेजारच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती. नात तेव्हा चार वर्षांची, रात्रभर खोकायची. खोकला बुरशीमुळेच आहे असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत, पण मुलीची खोली कोरडी ठेवा एवढं बजावून सांगितलं. ते करायचं कसं? त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि गॅसची बिलं अशी वाढली, की लोक घर गरम करायचं की नाही याचा विचार घड्याळ बघून करू लागले. घर जितकं गार, तितका खिडक्यांना घाम जास्त.

खिडक्या बदलायच्या हे ठरलंच होतं. कोणत्या घ्यायच्या यावर मात्र घरात दोन पक्ष. जावईबापूंना हवी होती सगळे घेतात तसली पांढऱ्या प्लॅस्टिकची, दुहेरी काचेची. लेक म्हणाली, "आई, त्या जाड चौकटी अर्धी खिडकी खाऊन टाकतात गं. इथे चार वाजता अंधार पडतो. उरलासुरला उजेडही घालवायचा?" आणि दोघांनी पंच नेमलं कुणाला, तर मला! मी इतिहासाची बाई. मला भांडण सोडवायचं तर आधी त्याचा इतिहास काढावा लागतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आली होती. या खिडक्या माझ्या ओळखीच्या होत्या. दादरच्या आत्याच्या घरी अगदी अशाच होत्या. तीच बारीक लोखंडी पट्ट्यांची आखणी, तीच भोकाभोकांची पितळी दांडी, खुंटीत अडकवली की झडप हवी तेवढी उघडी राहते. मे महिन्यात आम्ही मुलं त्या दांडीशी खेळून आत्याचा ओरडा खायचो. पावसाळ्यानंतर गंज खरवडून, लांबी भरून, तेलरंग मारायचं काम ठरलेलं असायचं. मुंबईत 1930-40 च्या दशकांत ज्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या (2018 मध्ये युनेस्कोने फोर्ट-मरीन ड्राइव्हच्या भागाला जागतिक वारशाचा मान दिला तो त्यांच्यामुळेही), त्यांच्या खिडक्या याच कुळातल्या.

आणि या कुळाचं मूळ गाव लेकीच्या घरापासून वीसेक किलोमीटरवर निघालं. ब्रेनट्री. तिथे क्रिटल नावाच्या घराण्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यातल्या फ्रान्सिस हेन्री क्रिटल यांनी 1884 मध्ये लोखंडी खिडक्या बनवायला सुरुवात केली. असं सांगतात, की त्यांच्या आईला घरची जड लाकडी खिडकी उघडता येईना, म्हणून पहिली खिडकी तिच्यासाठी केली. गोष्ट खरी असो वा नसो, मला आवडली.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सिल्व्हर एंडला गेलो. 1926 पासून क्रिटलने आपल्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव. त्याच वर्षी त्यांनी कामगारांना पाच दिवसांचा आठवडा दिला होता, तेव्हा ब्रिटनमध्ये असं करणारे कारखानदार अगदी थोडे. गावातली काही घरं पांढरी, सपाट छपरांची. हुबेहूब शिवाजी पार्कची एखादी गल्ली थंडीने गारठून उभी आहे असं वाटलं. खिडक्या अर्थातच घरच्याच कारखान्यातल्या. पण चालता चालता एक गोष्ट खुपायला लागली. एका घराला त्या बारीक रेघांच्या खिडक्या, आणि शेजारच्या जुळ्या घराला प्लॅस्टिकच्या जाडजूड. जणू एकाच चेहऱ्याच्या दोन बहिणी, एकीच्या नाकावर काळ्या फ्रेमचा चष्मा. आमच्या घरचं भांडण इथे रस्ताभर मांडलेलं होतं.

मी वर्गात औद्योगिक क्रांती शिकवली ती सूत कातायच्या यंत्रांची आणि वाफेच्या इंजिनाची. काचेबद्दल पुस्तकात ओळही नव्हती. खरं तर इंग्लंडात उजेडावर कर होता! 1696 पासून घराला खिडक्या जास्त तर कर जास्त. लोकांनी कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. तशा बुजवलेल्या खिडक्या आजही जुन्या घरांवर दिसतात. शिवाय काचेवर वेगळी जकात. ती 1845 मध्ये उठली आणि खिडकीवरचा कर 1851 मध्ये. त्याच 1851 साली लंडनच्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड, लाकूड आणि सुमारे तीन लाख तावदानं वापरून क्रिस्टल पॅलेस उभा केला. पॅक्स्टन मूळचा माळी, झाडांसाठी काचघरं बांधणारा. बारीक चौकट आणि भरपूर काच ही हौस तिथून माणसांच्या घरात शिरली, ती अजून फिटलेली नाही.

झाडांना ठीक होतं हो. माणसांना मात्र या हौसेची किंमत मोजावी लागली. लोखंड मजबूत, म्हणून चौकट बारीक करता येते. पण तेच लोखंड उष्णता लाकडाच्या तीनशे-चारशेपट वेगाने वाहून नेतं. बाहेर बर्फ पडत असेल तर आतली बाजूही तशीच गार. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तोच प्रकार. स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे, आपला श्वास, यांतलं सगळं पाणी त्या गार पट्टीवर येऊन बसतं. दादरला आत्याच्या खिडक्यांना घाम का नव्हता, याचं उत्तर एवढंच, की दादरला आत आणि बाहेर हवा सारखीच. एकच खिडकी दोन गावांत दोन तऱ्हांनी वागली.

यावरचा पहिला उपाय जुना आहे. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसनने 1865 मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. पण सपाट, निर्दोष काच तेव्हा महाग. दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करून काढावी लागे. तो खटाटोप संपवला अॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी. (आडनाव कारखान्याच्या मालकांचंच, पण त्या घराण्याशी नातं नाही. गंमतच!) वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच तरंगवायची, की ती आपोआप दोन्हीकडून गुळगुळीत होते. 1952 मध्ये कल्पना सुचली, ती जमून जाहीर व्हायला 1959 उजाडलं. त्यानंतर मोठी, सपाट काच सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

दुहेरी काच आली तशी चौकट मात्र फुगली. दोन काचांचं वजन दुप्पट, आणि मधल्या फटीसकट जाडी इंचभर. प्लॅस्टिक उष्णता अडवतं, पण अंगात ताकद नाही. म्हणून त्याची चौकट रुंद, आत पोकळ कप्पे, कप्प्यांत लोखंडाची पट्टी. ऊब हवी तर उजेड सोडा, असा हा सौदा. जावईबापू त्याच सौद्याला तयार होते.

तो सौदा मोडला तो काचेवरच्या एका न दिसणाऱ्या थराने, आणि त्याची हकीकत मला सगळ्यांत आवडते. 1973 च्या शेवटी अरब देशांनी तेल रोखलं. अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा. कॅलिफोर्नियात बर्कलीला आर्थर रोझनफेल्ड नावाचे अणुभौतिकीचे प्राध्यापक होते, एन्रिको फर्मींचे विद्यार्थी. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी घरी निघताना त्यांनी पाहिलं, की शेजारच्या सगळ्या रिकाम्या खोल्यांत दिवे जळताहेत. ते बंद करायला गेले तर बटणं सापडेनात. पुस्तकांच्या शेल्फांमागे, कपाटांमागे दडलेली! त्यांनी अणू सोडले आणि उरलेलं आयुष्य घरातली ऊर्जा वाचवण्यात घातलं. आम्ही शाळेत वर्गातले दिवे बंद करा म्हणून मुलांच्या मागे लागायचो. त्यातून विज्ञानाची शाखा निघू शकते हे मात्र कधी सुचलं नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात खिडकीवर संशोधन सुरू झालं. दोन काचांमधून निसटणारी उष्णता बरीचशी, म्हणजे साधारण दोन तृतीयांश, किरणांच्या रूपाने जाते. हे किरण अडवायला थर्मासच्या आत असतो तसा चकचकीत मुलामा हवा, पण त्यातून उजेड आरपार यायला हवा. उपाय निघाला चांदीचा थर, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढा. डोळ्याला तो दिसत नाही, पण खोलीची ऊब खोलीकडे परतवतो. असा मुलामा दिलेला पातळ पडदा दोन काचांमध्ये ताणून बसवलेल्या खिडक्या 1981 मध्ये बाजारात आल्या. पुढे मुलामा थेट काचेवरच द्यायला लागले आणि फटीत हवेऐवजी अरगॉन वायू भरू लागले.

खिडकीतून किती उष्णता निसटते हे सांगणारा एक आकडा असतो, यू-व्हॅल्यू. जितका लहान तितका बरा. एकेरी काचेचा सुमारे 5.7. साध्या दुहेरी काचेचा 2.8 च्या आसपास. मुलामा आणि अरगॉनवाल्या दुहेरी काचेचा 1.1. आणि प्लॅस्टिकच्या चौकटीचा? साधारण 1.3 ते 1.6. हे आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले आणि मग माझी ट्यूब पेटली. शंभर वर्षं काच ही खिडकीची कच्ची बाजू होती. आता चौकट कच्ची झाली! म्हणजे चौकट बारीक करणं ही नुसती हौस राहिली नाही, ती बचतच आहे.

मग गणित मांडलं. चार फूट बाय चार फुटांची खिडकी घ्या. चारी बाजूंनी चार-चार इंच चौकट गेली, तर काच उरते 69 टक्के. दोन-दोन इंच गेली तर 84 टक्के. दोन इंचांच्या फरकाने काच एकवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय तिकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि ऊन आडवं थेट खोलीत येतं, फुकटची शेगडी. जास्त काच म्हणजे त्या उन्हाला जास्त वाट. (इथे साताऱ्याच्या वाचकांनी उठून भिंती फोडू नयेत! आपल्याकडे गणित उलटं. पश्चिमेला मोठी काच लावली तर एप्रिलात घराची भट्टी होते. आपल्याला ऊन अडवणारी काच, वर छज्जा आणि वारा येऊ देणारी झडप हवी. माझ्या फ्लॅटच्या सरकत्या खिडक्या कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाहीत, ते दुखणं वेगळंच.)

बारीक चौकटीही आता पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. अॅल्युमिनियम तर लोखंडापेक्षाही उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून चौकटीचे आतला आणि बाहेरचा असे दोन तुकडे करून मध्ये कडक प्लॅस्टिकची पट्टी घालतात, की उष्णतेचा पूल तुटतो. काही जण काच झडपेला चिकटवूनच टाकतात. मग काचच भार पेलते आणि झडप सडपातळ करता येते. आणि जुन्या लोखंडी चौकटीच ठेवायच्या असतील तर निर्वात काच आहे. दोन काचांत जेमतेम 0.2 मिलिमीटरची फट, त्यातली हवा काढून घेतलेली, काचा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये बारीक खुंट. सपाट थर्मासच म्हणा ना. सिडनी विद्यापीठात 1989 मध्ये ती प्रथम नीट जमली आणि जपानमध्ये 1997 पासून विकायला आली. पण किंमत ऐकून जावईबापूंनी कागद मुकाट्याने माझ्याकडे परत सरकवला.

पंचाचा निवाडा म्हणाल तर दोघांनाही अर्धा पटला. नातीची खोली आणि बैठकीची खोली, दोन्ही दक्षिणेकडच्या. तिथे पट्टीवाल्या अॅल्युमिनियमच्या बारीक चौकटी. न्हाणीघर आणि मागच्या बाजूला प्लॅस्टिक. जिन्यातली लहानशी जुनी लोखंडी खिडकी तशीच ठेवली, लेकीच्या हट्टाखातर. (आणि थोडी माझ्या.) बसवणाऱ्याने दोन महिने रखडवलं, मापं एकदा चुकवली. ते काही इंग्लंडपुरतं नाही.

मी परत आल्यावर नोव्हेंबरात सकाळी सकाळी लेकीचा फोन आला, आवाज चढलेला. "आई, एवढे पैसे ओतले आणि खिडकीवर पुन्हा पाणी!" म्हटलं, टॉवेल घेऊन पूस बघू. ती पुसायला गेली आणि गप्प झाली. पाणी आतून नव्हतंच, बाहेरच्या अंगाला होतं. खोलीतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे ती काच रात्रभर मोकळ्या आभाळाखाली गवतासारखी गार पडली आणि तिच्यावर दव जमलं. मागून नातीचा आवाज ऐकू आला, तिला बाहेर जाऊन खिडकीवर बोटाने मांजर काढायचं होतं. स्वेटर घालून जा, एवढं मी सांगितलं.