ई-पेपर मनगटी घड्याळे

ई-पेपर मनगटी घड्याळे : तबकडीच्या जागी इलेक्ट्रॉनिक कागदाचा म्हणजे ई-पेपरचा पडदा बसवलेली घड्याळे. या पडद्यावरचे चित्र वीज तोडल्यावरही तसेच राहते. पडदा स्वतः उजळत नाही, बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो; म्हणून भर उन्हात तो अधिकच स्पष्ट दिसतो. सावकाश बदलणारी माहिती दीर्घकाळ, जवळपास विजेविना दाखवणे हे या घड्याळांचे खरे सामर्थ्य आहे. पालघर–बोईसरसारख्या किनारी आणि औद्योगिक भागात त्याचा उपयोग मोठा आहे.

रचना व कार्य : पडद्यात केसाच्या जाडीइतक्या असंख्य सूक्ष्म कुपी असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात विरुद्ध विद्युत्‌भाराचे पांढरे व काळे रंगकण असतात. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. पडद्यामागून धन किंवा ऋण विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाला जातात आणि तिथेच थांबतात. वीज लागते ती केवळ चित्र बदलताना. पूर्ण चित्र बदलायचे तर पडदा आधी काळा-पांढरा असा लुकलुकतो, मग नवा आकडा स्थिरावतो. फक्त बदललेला भाग नव्याने रेखाटला तर लुकलुक टळते, पण आधीच्या आकड्याची पुसट सावली मागे राहते आणि ती काढण्यासाठी अधूनमधून सगळा पडदा पुसावा लागतो. त्यामुळे धावता सेकंदकाटा या पडद्याला मानवत नाही.

इतिहास : झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात निकोलस शेरिडन यांनी १९७० च्या दशकात ‘जायरिकॉन’ हा पहिला इलेक्ट्रॉनिक कागद तयार केला. आज रूढ असलेले कुपींचे तंत्र अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केले; त्यातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. सामान्य भारतीयांच्या हाती हा पडदा प्रथम आला तो मोटोरोलाच्या ‘मोटोफोन एफ-३’ या स्वस्त मोबाइलमधून, २००६ च्या अखेरीस.

प्रमुख संकल्पना : जपानच्या सेको कंपनीने २००५ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ हे घड्याळ सादर केले. त्याचा पडदा कड्यासारखा मनगटाभोवती वळत होता. काचेच्या सपाट तबकडीला हे शक्य नव्हते. सोनीच्या ‘फेस वॉच’मध्ये तबकडी आणि पट्टा दोन्ही ई-पेपरचे होते, त्यामुळे अख्ख्या घड्याळाची नक्षी बदलता येई, २०१७ च्या ‘फेस वॉच यू’मध्ये स्वतःच्या छायाचित्रातून नक्षी करण्याची सोय आली. शिकागोच्या ‘सीएसटी-०१’ या घड्याळाची जाडी अवघी ०.८ मिलिमीटर असेल असे जाहीर झाले होते. २०१३ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीतून दहा लाखांहून अधिक डॉलर जमले, मात्र मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन जमले नाही आणि प्रकल्प बंद पडला. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून एक कोटीहून अधिक डॉलर मिळवणारे ‘पेबल’ ई-पेपर घड्याळ म्हणून गाजले. प्रत्यक्षात त्याचा पडदा कमी विजेवर चालणारा एलसीडी होता.

यांच्याहून वेगळ्या वाटेने गेले ते ‘वॉची’. त्याचा आराखडा आणि आज्ञावली सर्वांना खुली आहे. पडदा १.५४ इंचांचा, २०० × २०० म्हणजे ४०,००० ठिपक्यांचा; काळ्या-पांढऱ्या अख्ख्या चित्राला ५,००० बाइट पुरतात. थोडेफार प्रोग्रॅमिंग येणारा महाविद्यालयीन विद्यार्थी त्यावर स्वतःची तबकडी लिहू शकतो. एचएमटी या भारतीय घड्याळ कंपनीने देवनागरी आकड्यांच्या तबकड्या छापून विकल्या होत्या. इथे छपाईचीही गरज नाही, आकडे, तिथी, वार सगळे मराठीत उमटवता येते.

पालघर–बोईसर परिसरातील उपयोग : सातपाटी, डहाणू, तारापूर, केळवे या किनाऱ्यावर घड्याळाइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची असते. सातपाटीच्या गाळ साचलेल्या खाडीत बोटी भरतीच्या पाण्यावरच आत-बाहेर होतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. बंदरागणिक त्यात थोडा फरक धरावा लागतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. एवढा संथ बदल ई-पेपरवर उत्तम बसतो. हॉयर या स्विस कंपनीने १९४९ मध्येच ‘सोल्युनार’ हे भरती दाखवणारे यांत्रिक घड्याळ काढले होते. तेच काम ई-पेपरवर करताना वर तिथी, मध्ये पाण्याची चढती-उतरती रेघ, खाली पुढच्या भरतीची वेळ आणि कोपऱ्यात उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), एवढे मांडता येते. दर मिनिटाला पडदा बदलला तर दिवसाला १,४४० बदल होतात. दर पंधरा मिनिटांनी बदलला तर केवळ ९६. त्यामुळे बॅटरी जास्त टिकते.

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत कामगार पाळ्यांत काम करतात. आठवड्याची पाळी आणि साप्ताहिक सुट्टी मनगटावर कायम दिसत राहावी, ही साधी तबकडी त्यांच्या कामाची आहे. विरारपलीकडे डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ पासून धावू लागली, पण फेऱ्या मोजक्याच. पालघर किंवा बोईसरहून सुटणाऱ्या पुढच्या तीन गाड्याही अशा पडद्यावर सहज मावतात.

मर्यादा : अंधारात हा पडदा दिसत नाही, वेगळा दिवा लागतो. दमट हवेचा कुपींच्या थरावर वाईट परिणाम होतो, म्हणून पडद्याच्या कडा पक्क्या बंद असाव्या लागतात. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर ही पहिली अट समजावी. कारखान्यातील ज्वलनशील द्रावकांच्या विभागात प्रमाणपत्र नसलेले कोणतेही विद्युत उपकरण नेणे धोक्याचे असते आणि लिथियम बॅटरीचे हे घड्याळही त्याला अपवाद नाही. ‘वॉची’सारखे उघडे विद्युत मंडल असलेले घड्याळ पाण्यात टिकत नाही. बोटीवर वापरायचे तर त्याला जलरोधक कवच हवे, आणि भरतीचे आकडे त्या-त्या बंदराच्या अधिकृत कोष्टकातून भरायला हवेत. एवढी काळजी घेतली तर इथल्या तंत्रनिकेतनांतील आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना, आपल्याच गावच्या माणसांच्या रोजच्या कामाला येईल असे घड्याळ घडवणे आवाक्यात आहे.