छपराचा रिकामा रकाना : भारतीय गारपिटीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

३० एप्रिल १८८८ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. संत्र्यांएवढ्या आणि क्रिकेटच्या चेंडूंएवढ्या गारा पडल्याचे तत्कालीन वृत्तांत सांगतात. उघड्यावर सापडलेल्यांना आसरा मिळाला नाही. सुमारे १,६०० शेळ्या-मेंढ्याही दगावल्या. गारपिटीतील सर्वाधिक मनुष्यहानीची घटना म्हणून जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये याच दिवसाची अधिकृत नोंद केली.

त्या वर्णनांत व्हरांडे उडाल्याचे, छपराचा भाग खाली आल्याचे, पक्क्या बांधणीची देवडी कोसळल्याचेही उल्लेख आहेत. परंतु आज उद्धृत होणाऱ्या आकड्यांत माणसे आहेत, जनावरे आहेत; किती घरांची छपरे फुटली, हा आकडा नाही. छपराचा हा रकाना पुढील सव्वाशे वर्षे बहुतांशी रिकामाच राहिला. त्याची किंमत आज विम्याचा दावा मांडणाऱ्या घरमालकाला मोजावी लागते.

भारतातील गारपिटीच्या नोंदींना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काहीसे पद्धतशीर रूप आले. मुंबईच्या ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक आणि हवामानाचे अभ्यासक जॉर्ज बुइस्ट यांनी १८५१ ते १८५५ या काळातील लक्षणीय गारपिटींचा वृत्तांत ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडला. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. या विभागाचे प्रमुख जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या पंधरा वर्षांतील ५९७ गारपिटींचे संकलन करून १८९९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांपैकी १५३ घटनांत गारांचा व्यास तीन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होता. उपखंडातील गारपीट ही केवळ कुतूहलाची बाब नव्हे, हे या संकलनाने स्पष्ट केले.

मात्र गारपिटीची दखल शासन ज्या यंत्रणेमार्फत घेत असे, तिचा मुख्य व्यवहार जमीन महसुलाचा होता. पीक बुडाले तर शेतसारा बुडतो. म्हणून पिकाचा पंचनामा आवश्यक ठरे. रयतेच्या घराच्या छपरावर सारा नव्हता. शिवाय ते छप्पर गवताचे, ताडपानांचे किंवा गावच्या कुंभाराने घडवलेल्या कौलांचे असे. दर पावसाळ्याआधी घर शाकारणे हा वार्षिक व्यवहारच होता. फुटलेली कौले बदलली जात, कुजलेले गवत नवे होई. त्या व्यवस्थेत छपराचे वय मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हा प्रश्न कारखान्यात बनलेल्या छपरांबरोबर आला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि ‘मंगलोरी कौल’ पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोहोचले. जस्ताचा मुलामा दिलेला पन्हळी पत्रा ईशान्येकडील डोंगराळ भागापर्यंत गेला. १९३४ मध्ये मध्य भारतातील कैमूर येथे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचे उत्पादन सुरू झाले. ही छपरे दरवर्षी शाकारावी लागत नव्हती. एकदा घातली की वर्षानुवर्षे तशीच राहत आणि हळूहळू म्हातारी होत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे २९ टक्के कुटुंबांच्या डोक्यावर काँक्रीटचे छप्पर होते, सुमारे २४ टक्क्यांच्या कौलांचे, १६ टक्क्यांच्या पत्र्याचे आणि १५ टक्क्यांच्या गवत, बांबू यांसारख्या सामग्रीचे. म्हणजे निम्म्याहून अधिक कुटुंबे अशा छपरांखाली राहत होती, ज्यांना मोठी गार भेदू शकते.

येथे थोडे भौतिकशास्त्र ध्यानात घ्यावे लागते. गारेचे वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि हवेतून खाली येताना तिला मिळणाऱ्या अंतिम वेगाचा वर्ग साधारणपणे व्यासाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आघाताची ऊर्जा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. व्यास दुप्पट झाला की ऊर्जा सोळापट होते. पाच सेंटिमीटरची गार सुमारे साठ ग्रॅम वजनाची असते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळते. दोन सेंटिमीटरच्या गारेने ज्या कौलाला ओरखडाही उमटत नाही, त्याच कौलाचे पाच सेंटिमीटरच्या गारेने तुकडे होतात.

दुसरी बाजू छपराची. ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यावरील सिमेंटचा थर ऊन-पावसाने झिजतो, त्यावर शेवाळ धरते आणि पत्रा ठिसूळ होतो. लोखंडी पत्र्याचे जस्त उडाले की खिळ्यांच्या भोकांभोवती गंज पसरतो. कौल शाबूत असले तरी त्याखालचे वासे आणि रिपा वाळवीने पोखरलेल्या असतात. गारपिटीनंतर छप्पर फुटलेले दिसते तेव्हा ते गारेने फुटले की वयाने, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. विमा याच प्रश्नावर अडतो, कारण विम्याचे तत्त्व आकस्मिक हानीची भरपाई करण्याचे आहे; सावकाश होणारी झीज त्यात बसत नाही.

भारतात सर्वसाधारण विम्याची सुरुवात १८५० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या ट्रायटन कंपनीपासून मानली जाते. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा संस्था चार कंपन्यांत सामावल्या गेल्या. दीर्घकाळ चाललेल्या अग्निविम्याच्या सामाईक दरपत्रकात गवत, बांबू, ताडपत्री अशा छपरांच्या इमारतींसाठी ‘कच्चे बांधकाम’ ही वेगळी व्याख्या आणि चढा दर होता. ज्यांची छपरे सर्वांत दुबळी, त्यांच्यासाठीच विमा महाग होता. पक्क्या इमारतींची भरपाईही मूलतः बाजारमूल्यावर, म्हणजे घसारा वजा करून मिळे. नव्या छपराच्या किमतीची भरपाई हवी असेल तर पुनर्स्थापना मूल्याचे कलम मुद्दाम जोडून घ्यावे लागे.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू झाले. यात घराची विमारक्कम बांधकामाच्या प्रचलित खर्चावर ठरते, हा मोठा बदल होय. वादळ, चक्रीवादळ, पूर ही संकटे त्यात नावानिशी आहेत, बाह्य वस्तूच्या आघाताने होणारे नुकसानही आहे. ‘गारपीट’ हा शब्द मात्र संकटांच्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. त्यामुळे दावेदाराला आपले नुकसान वादळाच्या किंवा आघाताच्या कलमात बसवून दाखवावे लागते. शेतीबाबत चित्र वेगळे आहे. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती म्हणून नावानिशी नोंदलेली असून नुकसानीची पाहणी शेतनिहाय होते. महसूलकाळातील प्राधान्यक्रम आजच्या विम्यातही असा टिकून राहिलेला दिसतो.

विमा नसलेल्यांसाठी आपत्ती प्रतिसाद निधी आहे. त्याच्या अधिसूचित आपत्तींत गारपीट आहे. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मिळतात. इतक्या रकमेत काही पत्रे बदलता येतात. संपूर्ण छप्पर उभे राहत नाही.

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस आसामच्या दिब्रुगड परिसरातील गारपिटीत चार हजारांहून अधिक घरांचे नुकसान झाले. ५ मे २०२४ रोजी मणिपूरमध्ये ही संख्या पंधरा हजारांपलीकडे गेली. चाळणीसारखी भोके पडलेल्या पत्र्यांची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. घरांची मोजणी आता होऊ लागली आहे, ही जमेची बाजू. पण कोणत्या गावात किती व्यासाची गार पडली, छप्पर कशाचे आणि किती वर्षांचे होते, या गोष्टी एकत्र नोंदल्या जात नाहीत. या माहितीविना विमा कंपनीला जोखमीचा रास्त दर ठरवता येत नाही, आणि घरमालकाला आपले छप्पर म्हातारपणाने नव्हे तर गारेने फुटले, हे सिद्ध करता येत नाही. गार हा असा पुरावा आहे, जो पंचनामा होण्यापूर्वीच वितळून जातो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे करण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. गारपीट पूर्ण थांबल्यावर सर्वांत मोठी गार मोजपट्टीशेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहावे, शक्य झाल्यास गार पिशवीत घालून शीतपेटीत ठेवावी. घराच्या छपराचे एक छायाचित्र दर वर्षी पावसाळ्याआधी काढून ठेवावे. पूर्वी ज्या दिवसांत घर शाकारले जाई, त्याच दिवसांत. हवामान विभाग नागरिकांची निरीक्षणे स्वीकारतो, तेथे ती पाठवावीत. एलियट यांनी पंधरा वर्षांत ५९७ गारपिटी जमवल्या, त्या त्यांनी सर्व स्वतः पाहिलेल्या नव्हत्या. ठिकठिकाणच्या माणसांनी कळवल्या म्हणून त्या कागदावर आल्या. छपराचा रकानाही त्याच रीतीने भरावा लागेल.