अच्छाडचा नाका, वापीची झडप आणि रक्ताचा संताप (थ्रेड)

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. अलीकडे उरलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. त्यातले अच्छाड हे अहमदाबाद महामार्गावरील महाराष्ट्राच्या शेवटच्या नाक्याचे गाव. नाका ओलांडला की थोड्याच वेळात वापी येते. तेथे मेरिल ही कंपनी ‘मायव्हॅल’ नावाची हृदयाची झडप तयार करते. छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून ती आत नेऊन बसवतात. भारतात तिला २०१८ साली मान्यता मिळाली.

छाती न उघडण्याचा लाभ केवळ जखमेपुरता नाही.

योगायोग असा की, त्याच १९६० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे शल्यविशारद अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांच्यासह घडवलेली झडप एका रुग्णाच्या हृदयात यशस्वीपणे बसवली. धातूचा पिंजरा आणि आत वरखाली होणारा सिलिकोनचा गोळा, एवढीच तिची रचना. ती शिवण्यासाठी हृदय थांबवावे लागे आणि तेवढा वेळ रक्ताभिसरण एका यंत्राकडे सोपवावे लागे. हे हृदय-फुफ्फुस यंत्र जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात प्रथम यशस्वी करून दाखवले होते.

झडप उत्तम बसे, तरी काही रुग्णांना ताप येई, फुफ्फुसांत पाणी साचे, रक्तस्राव थांबत नसे. जंतुसंसर्ग तर सापडत नसे. मग हे कशामुळे?

१९८३ साली अलाबामातील कर्कलिन पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातील सी३ए हा घटक मोजला. शरीरात परके काही शिरले की ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने जागी होतात. सी३ए ही त्याची खूण. यंत्र वापरलेल्या रुग्णांत तो वाढलेला आढळला. यंत्राविना शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्र वाढला नाही. ज्यांच्यात तो अधिक, त्यांच्या हृदयाला, फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना अपाय होण्याची शक्यताही अधिक. यंत्राच्या नळ्यांना स्पर्श होताच रक्त जणू शत्रू आल्याप्रमाणे वागत होते. पांढऱ्या पेशी चेतत होत्या आणि दाह सर्वांगभर पसरत होता. झडपेइतकाच, किंबहुना अधिक, दोष तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा होता. हा निष्कर्ष झडपेच्या इतिहासात पुरेसा सांगितला जात नाही.

१६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी यंत्राला फाटा देऊन रक्तवाहिनीतूनच झडप नेली. दाह त्यामुळे उणावला, पण नाहीसा झाला नाही. फुगा फुगवताना हृदय क्षणभर अतिवेगाने धडधडवतात. रक्तदाब कोसळतो, अवयवांना रक्त अपुरे पडते. २०१२ साली जर्मनीतील बॉनच्या वैद्यांनी दाखवले की, या पद्धतीनंतरही अनेकांत सर्वांगी दाह उद्भवतो, आणि ज्यांच्यात तो उद्भवतो त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असते.

वापीची झडप याच परंपरेतली. ती मुख्यतः वृद्धापकाळी कॅल्शियम साचून कठीण झालेल्या महारोहिणीच्या झडपेसाठी. भारतातील गरीब तरुणांची व्यथा निराळी. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटते. संधिज्वराचा हा दाह बहुधा डावीकडील द्विदल झडप खातो. अशा तरुणांना परवडावी म्हणून डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने देशी झडप घडवली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम बसवण्यात आली. तीही छाती उघडून, यंत्र लावूनच. म्हणजे एका दाहाने झडप गमावलेल्या तरुणाला नवी मिळवण्यासाठी दुसऱ्या दाहातून जावे लागते, आणि पुढे जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची गोळी. नाक्यापलीकडच्या कारखान्यातली नवलाई त्याच्यासाठी सहसा नसतेच. त्याच्या कामाचे औषध जुने आहे: संधिज्वर एकदा होऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, पेनिसिलिनचे एक इंजेक्शन.